पुढचा भाग कुणाच्या हातात?

१९६९ साली पेरू देशात 'सिंप्लेमेंते मारिया' नावाची मालिका सुरू झाली. खेड्यातून राजधानी लिमात घरकाम करायला आलेली मारिया रात्रशाळेत अक्षरं गिरवते, शिवण शिकते आणि सिंगरच्या मशीनवर कपडे शिवता शिवता नावाजलेली ड्रेस डिझायनर होते, एवढीच गोष्ट. पण मालिका चालू असताना शिलाई मशीनचा खप वाढला, घरकाम करणाऱ्या मुली रात्रशाळांत नाव घालायला लागल्या, आणि मारियाच्या लग्नाचं चित्रण ज्या चर्चमध्ये झालं त्याच्या बाहेर हजारो माणसं ठेवणीतले कपडे घालून, आहेर घेऊन उभी राहिली.

मेक्सिकोत मिगेल सबिदो हा नाट्यदिग्दर्शक तेलेविसा या वाहिनीसाठी काम करत होता. पेरूत जे आपसूक घडलं ते ठरवून घडवता येईल का, या प्रश्नाचा त्याने पिच्छा पुरवला. एक सद्गुणी पात्र, एक दुर्गुणी पात्र आणि दोघांच्या मध्ये घुटमळणारं तिसरं, अशी त्याची मांडणी होती. तिसरं पात्र ठेचा खात शेवटी योग्य वाटेला लागायचं आणि प्रेक्षकानेही त्याच्यामागोमाग जायचं. १९७५ साली त्याने प्रौढ साक्षरतेवर 'वेन कोन्मिगो' ही मालिका केली. वाचन शिकायच्या मोफत पुस्तिका कुठे मिळतात हे तिच्या एका भागात पात्रांच्या तोंडून सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी मेक्सिको सिटीत त्या जागी सुमारे २५ हजार माणसं लोटली आणि रस्ते तुंबले. दोन वर्षांनी कुटुंबनियोजनावरची 'आकोम्पान्यामे' आली.

लोकसंख्येच्या चिंतेने ग्रासलेल्या कुठल्याही सरकारच्या तोंडाला पाणी सुटावं असा हा प्रकार होता. भारतात तर आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनंतर 'कुटुंबनियोजन' हा शब्दच बदनाम झालेला. सक्तीने जे बिघडलं ते गोष्ट सांगून सावरता आलं तर कुणाला नको होतं? इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी खातं सांभाळणारे विदर्भातले खासदार वसंत साठे यांनी मेक्सिकोतला हा प्रयोग जाणून घेतला आणि दिल्लीला त्याची गोडी लावली. रंगीत टीव्ही यावा म्हणूनही हेच साठे हट्टाला पेटले होते. गरीब देशाला रंगीत टीव्हीची चैन कशाला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. १९८२च्या स्वातंत्र्यदिनी रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीहून देशभर जाणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात आशियाई खेळ झाले, पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला. १९८४ साली तर सरासरी दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपण केंद्रं उभारण्याचा धडाका काही महिने चालला.

केंद्रं झाली, पण दाखवायचं काय? मराठी प्रेक्षकाला मालिका हा प्रकार तसा नवा नव्हता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ घराघरांत पोचले होते. पण तो एका केंद्राचा, एका भाषेचा संसार. देशभर दिसणारी आणि महिनोन्‌महिने चालणारी कौटुंबिक गोष्ट अजून कुणी केली नव्हती.

ती गोष्ट लिहायचं काम कादंबरीकार आणि 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादक राहिलेल्या मनोहर श्याम जोशींकडे आलं. दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. माहिती खात्याचे सचिव एस. एस. गिल पाठीशी होते. पैशांची सोय नव्या तऱ्हेने झाली. फूड स्पेशालिटीज या कंपनीने निर्मितीचा खर्च उचलला आणि बदल्यात आपल्या जाहिरातीसाठी वेळ घेतला. आजची नेस्ले इंडिया ती हीच. तिचं दोन मिनिटांत होणारं मॅगी नूडल्स १९८३मध्येच बाजारात आलं होतं. सरकारला जन्मदर खाली आणायचा होता, कंपनीला नूडल्स खपवायचे होते, आणि ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग'चा पहिला भाग दिसला तेव्हा दोघांनाही वाटत होतं की सूत्रं आपल्याकडे आहेत.

पहिल्या तेरा भागांतच गाडी अडली. कुटुंबनियोजनाचा उपदेश कथेच्या बोकांडी बसला होता आणि प्रेक्षक कंटाळले. मग जोशींनी उपदेश पातळ केला आणि माणसांना मोकळं सोडलं. दारुडा बाप बसेसर राम, सोसत राहणारी आई भागवंती, बेकार लल्लू, समाजसेवेकडे वळलेली बडकी, सिनेमाच्या नादाने मुंबई गाठून फसलेली मझली, डॉक्टर व्हायचंच म्हणणारी छुटकी, क्रिकेटवेडा नन्हे, आणि त्यांच्या डोक्यावर आजी-आजोबा. दर भागाच्या शेवटी अशोक कुमार यायचे, दोन शब्द समजुतीचे सांगायचे आणि पुढच्या भागाकडे बोट दाखवून जायचे. उपदेश राहिलाच, फक्त तो घरातल्या मिस्कील म्हाताऱ्याच्या तोंडी गेल्यावर गोड लागू लागला.

आणि पत्रांचा पूर सुरू झाला. दूरदर्शनला आली, अशोक कुमारांना तर लाखांनी आली. 'आमच्या आईवडिलांना सांगा, आम्हांला मनासारखं लग्न करू द्या' अशी गाऱ्हाणी तरुण मुलंमुली त्यांच्याकडे नेत होती. आजीला कॅन्सर झाल्याचं कथेत आलं तेव्हा तिला मारू नका म्हणून विनवण्या आल्या, आणि सुषमा सेठ यांनी रंगवलेल्या त्या आजीचं मरण लेखकाला लांबवावं लागलं. बडकीचं डॉ. अश्विनीशी लग्न लागलं त्या दिवशी उत्तर भारतात कित्येक ठिकाणी बाजार लवकर बंद झाले. दूरदर्शनकडे अभिनंदनाच्या तारा आणि आहेर आले. लिमातल्या चर्चचीच पुनरावृत्ती.

पण सबिदोच्या तक्त्यात न बसणारी गोष्ट भागवंतीच्या बाबतीत घडली. मुकाट सोसणारी बाई ही आदर्श नव्हे, हे दाखवण्यासाठी ती घडवली होती. नंतर संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कितीतरी जणांनी, त्यांत बायकाही आल्या, अनुकरण करण्याजोगी बाई म्हणून भागवंतीचंच नाव घेतलं. सरकारने धडा म्हणून दाखवलेलं पात्र लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं. कुटुंबनियोजनाच्या नावाने सुरू झालेली मालिका डिसेंबर १९८५मध्ये, दीडशेहून अधिक भागांनंतर, मॅगीला स्वयंपाकघरात बसवून संपली. जन्मदराबद्दल मात्र तिच्या नावावर फारसं काही जमा झालं नाही.

एकदा प्रायोजकांना वाट दिसल्यावर निर्मात्यांची रांगच लागली. 'ये जो है जिंदगी'मध्ये सतीश शाह दर भागात नवं सोंग घेऊन यायचे. पंकज कपूर यांचा गाजर खाणारा करमचंद आला. 'नुक्कड', 'बुनियाद', 'मालगुडी डेज' अशी दोन-तीन वर्षांत विनोदापासून फाळणीपर्यंत सगळी दालनं उघडली. त्यांतल्या 'रजनी'पाशी थोडं थांबायला हवं. बासू चॅटर्जींच्या या मालिकेत विजय तेंडुलकरांची कन्या प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरवाल्यापासून सरकारी कारकुनापर्यंत प्रत्येकाला जाब विचारायची. भाडं नाकारणाऱ्या टॅक्सीवाल्यांवरचा भाग दाखवला गेला आणि मुंबईतले टॅक्सीचालक निषेधाला उभे राहिले. गॅस वितरकही चिडले. करमणुकीच्या अर्ध्या तासाने आपला धंदा आणि आपली अब्रू हलते, हे या देशातल्या एखाद्या व्यावसायिक गटाला बहुधा पहिल्यांदाच इतकं लख्ख जाणवलं. एकच वाहिनी होती हे त्यामागचं साधं कारण. तिच्यावर जे दिसलं ते सगळ्यांनी एकाच वेळी पाहिलेलं असायचं. खोडून काढायला दुसरा पडदा नव्हता.

२५ जानेवारी १९८७च्या रविवारी सकाळी रामानंद सागर यांचं 'रामायण' सुरू झालं तेव्हा ही गोष्ट शंभरपट मोठी झाली. चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेला खेटून असलेल्या गुजरातेतल्या उंबरगावला. पात्रयोजनेत मराठी चेहऱ्यांची रेलचेल होती. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर (खऱ्या आयुष्यातही हे जोडपंच), भरत संजय जोग, आणि मंथरा अर्थातच ललिता पवार. दुसरं कोण असणार? दिल्लीच्या इंग्रजी समीक्षकांनी संथ गती, भडक पोशाख आणि ट्रिकसीनवर तोंडसुख घेतलं. त्यांचं चूक नव्हतं, पण ते वेगळंच काही पाहत होते. लोक कथा कळून घ्यायला बसतच नव्हते. ती त्यांना ठाऊक होती. ते दर्शनाला बसत होते. टीव्हीला हार घातला जायचा, उदबत्ती लागायची, चपला दाराबाहेर निघायच्या. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. प्रेक्षकसंख्येचे अंदाज आठ ते दहा कोटींपर्यंत गेले. टीव्ही संच तेव्हा फार थोड्या घरांत होते, म्हणजे एकेका संचापुढे किती माणसं दाटीवाटीने बसत असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. चाळीत ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घराचा तो तासभर सभामंडप होई.

'रामायण' रविवारी सकाळी चालू असतानाच, जानेवारी १९८८मध्ये, त्याच वाहिनीवर शनिवारी रात्री 'तमस' ही मालिका लागली. त्या काही आठवड्यांत एकाच घरातली माणसं शनिवारी रात्री फाळणीचा वणवा पाहून झोपत आणि सकाळी उठून अयोध्येला जात. दूरदर्शनच्या सगळ्या इतिहासात इतके परस्परविरोधी दोन कार्यक्रम इतके शेजारी क्वचितच आले असतील.

'तमस'ची मुळं महाराष्ट्रात आहेत हे सहसा लक्षात येत नाही. १९७०च्या दंगलीनंतर लेखक भीष्म साहनी आपले बंधू बलराज यांच्यासोबत भिवंडीला गेले होते. जळकी घरं आणि सुनसान गल्ल्या पाहताना त्यांना १९४७च्या मार्चमधलं रावळपिंडी आठवलं, आणि ते कादंबरी लिहायला बसले. १९७३ साली ती प्रसिद्ध झाली, पुढे तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. तिच्यावर मालिका करणारे गोविंद निहलानी कराचीत जन्मलेले. फाळणीत त्यांचं कुटुंब इकडे आलेलं. ओम पुरींनी केलेला नत्थू पहिल्याच प्रसंगात एका डुकराशी झुंजत असतो. जनावरांच्या डॉक्टराला हवं आहे असं सांगून ते त्याच्याकडून मारून घेतलं जातं. सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडतं, आणि शहर पेटतं. आपल्या हातून काय घडलं हे नत्थूला हळूहळू उमगत जातं. दंगल आपोआप होत नाही, कुणीतरी ती करवतं आणि ज्याच्या हातून करवतं त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो, हे सांगायला निहलानींना भाषण लागलं नाही. म्हाताऱ्या हरनामसिंगाचं काम स्वतः भीष्म साहनींनी केलं.

९ जानेवारीला पहिला भाग दिसला आणि दूरदर्शन केंद्रांवर निदर्शनं सुरू झाली. निहलानींना पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयात एका रहिवाशाने अर्ज केला की या मालिकेने जमातींत वैर माजेल, ती थांबवा. गुरुवारी, २१ जानेवारीला, एका न्यायमूर्तींनी स्थगिती दिली. शनिवारी पुढचा भाग दाखवायचा होता. प्रकरण न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठापुढे गेलं. जे. जे. रुग्णालयातल्या भेसळयुक्त औषधाच्या बळींची चौकशी करणारे लेंटिन ते हेच. सुजाता मनोहर पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या. दोघांनी आधी सबंध मालिका, जवळजवळ पाच तासांची, बसून पाहिली. मग २३ तारखेला, शनिवारीच, स्थगिती उठवली आणि ठरलेला भाग त्या रात्री दिसला. न पाहता बंदी मागण्याची प्रथा आपल्याकडे इतकी रुजली आहे की, न्यायमूर्तींनी आधी पाहिलं हीच मला या खटल्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

दुसरा अर्ज थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ फेब्रुवारी १९८८ रोजी न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. रंगनाथन यांनी तो फेटाळला. अशा मजकुराचा परिणाम कुणाच्या नजरेने जोखायचा, हा कळीचा मुद्दा होता. न्यायालयाने नागपूरच्या न्या. व्हिव्हियन बोस यांचा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचा एक निकाल हाताशी घेतला. ज्याला जिथेतिथे धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसाच्या नव्हे, तर समंजस आणि खंबीर माणसाच्या नजरेने, असा तो निकष. सामान्य प्रेक्षक निरक्षर असला म्हणून त्याला अक्कल नसते असं नव्हे, हेही या निकालात आलं. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांत आजही त्याचा दाखला देतात.

गंमत अशी की सरकार यात 'तमस'च्या बाजूने उभं होतं, आणि तेच सरकार त्याच वर्षी रामाच्या लोकप्रियतेवर स्वार व्हायलाही निघालं होतं. जून १९८८मध्ये अलाहाबादच्या लोकसभा पोटनिवडणुकीत बोफोर्सचा मुद्दा घेऊन विश्वनाथ प्रताप सिंह उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने प्रचाराला पडद्यावरच्या रामाला, अरुण गोविलना, उतरवलं. सिंह निवडून आले. लोकांनी रामाला हात जोडले आणि मत द्यायचं त्यालाच दिलं.

पुढच्याच महिन्यात या युगातला सर्वांत विलक्षण प्रसंग घडला. 'रामायण' मूळ ५२ भागांचं ठरलं होतं. मागणीपायी वाढत वाढत ते ७८ भागांवर गेलं आणि ३१ जुलैला राज्याभिषेकाने संपणार होतं. सीतात्याग, लवकुश, वाल्मीकींचा आश्रम यांतलं काही येणार नव्हतं. उत्तरकांड वादग्रस्त, रामाच्या प्रतिमेला अडचणीचं. सागरांना तिथे शिरायचं नव्हतं. पण पंजाबात जालंधरच्या सफाई कामगारांनी काम बंद केलं. हे कामगार ज्या समाजातले, तो वाल्मीकींना आपला पूर्वज मानतो. रामकथेत आपला माणूस ज्या कांडात प्रत्यक्ष वावरतो, सीतेला आसरा देतो, रामाच्या मुलांना शिकवतो, नेमकं तेच गाळणार? संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला. ऐन पावसाळ्यात कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती उभी राहिली आणि सरकारने उत्तरकांडाचे भाग करायला मान्यता दिली. पगारवाढ नाही, बोनस नाही, एका मालिकेचे पुढचे भाग हवेत म्हणून झालेला आणि जिंकलेला दुसरा संप मला तरी ठाऊक नाही. त्याकडे भाबडेपणा म्हणून पाहणारे तेव्हाही होते. मला त्यात राजकारणाची पक्की जाण दिसते. पडद्यावर कोण दिसतो आणि कोण गाळला जातो, यावर समाजातली पत ठरू लागली आहे, हे त्या कामगारांनी समीक्षकांच्या आधी ओळखलं.

त्यानंतरचं वेगाने घडलं. २ ऑक्टोबर १९८८ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं आणि ९४ भाग चाललं. त्याचे संवाद राही मासूम रझांनी लिहिले. नोव्हेंबरात श्याम बेनेगलांची ५३ भागांची 'भारत एक खोज' आली. तिच्यात नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले, ओम पुरी औरंगजेब, आणि सदाशिव अमरापूरकर महात्मा फुले. 'महाभारत'पुढे या मालिकेचा प्रेक्षक किरकोळ, पण फुल्यांना देशभराच्या पडद्यावर एवढी जागा त्याआधी मिळाल्याचं मला आठवत नाही.

'रामायण'ने अयोध्येच्या आंदोलनाला जमीन नांगरून दिली, असं पुष्कळदा म्हटलं जातं. अभ्यासक अरविंद राजगोपाल यांनी या नात्यावर सबंध ग्रंथ लिहिला. फेब्रुवारी १९८६मध्ये, म्हणजे मालिकेच्या वर्षभर आधीच, अयोध्येतल्या वादग्रस्त वास्तूचं कुलूप उघडलं होतं, तेव्हा सगळा भार सागरांवर टाकता येणार नाही. पण वेगवेगळ्या प्रदेशांतल्या अनेक रामकथांच्या वर एकच देशव्यापी रूप बसलं, आणि ते पाहणारे कोट्यवधी लोक आपण एक समुदाय आहोत असं अनुभवू लागले, हे खरंच आहे. त्या अनुभवाचं पीक काँग्रेसला काढता आलं नाही. १९९१च्या निवडणुकीत सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून भाजपतर्फे लोकसभेत गेले.

त्याच वर्षी उपग्रह वाहिन्या आल्या आणि ऑक्टोबर १९९२मध्ये झी टीव्ही. एक पडदा फुटून शंभर झाले. मालिका पुढेही चालल्या, मराठीत १९९९ला 'आभाळमाया'ने अल्फा वाहिनीची घडी बसवली. त्यांच्यावर प्रेक्षकांनी जीवही टाकला. पण पुढचा भाग कसा व्हावा हे आता पत्रांवरून ठरत नव्हतं. काही हजार घरांतल्या संचांना मोजणी यंत्रं जोडली गेली आणि त्यांच्या आठवड्याच्या आकड्यांवर आजी जगणार की मरणार याचा निकाल लागू लागला. मार्च २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं. १६ एप्रिलचा एक भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचा दावा झाला, आणि मूळ मालिका संपताच पाठोपाठ 'उत्तर रामायण'ही लावण्यात आलं.